गॉथ आणि पोस्ट-पंक बँड एकत्र टूरवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोथरूडची, गेली दहाएक वर्षं लीड्समध्ये राहते आणि मिळेल त्या गिगला जाते. हे एकदा कळलं की लोक प्रश्न पाठवतात, पुण्याहून, ठाण्याहून, न्यू जर्सीहून, आणि फिरून फिरून प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढलेत. काही उत्तरं लांबलीत, पण तिथे सांगण्यासारखंच खूप होतं.

१. गॉथिक रॉक आणि पोस्ट-पंक यात नेमका फरक काय? मला तर दोन्ही सारखंच उदास वाटतं.

पोस्ट-पंक हा मोठा वाडा आणि गॉथ ही त्यातली एक खोली, जिने नंतर स्वतःचं वेगळं घर थाटलं. जानेवारी १९७८ मध्ये सेक्स पिस्टल्स फुटले, आणि पंकमुळे हातात गिटार आलेल्या पोरांना प्रश्न पडला की आता तेच तीन कॉर्ड आयुष्यभर वाजवायचे का. त्यातून जे निघालं ते पोस्ट-पंक. ऐकताना बेसकडे कान द्या. जॉय डिव्हिजनमध्ये धून बेसवर असते, कारण पीटर हूकला गिटारच्या आवाजात स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं म्हणून तो वरच्या सुरांवर वाजवायला लागला. गॉथमध्ये हेच सगळं जास्त अंधारात जातं, ड्रमर झांजा कमी आणि टॉम, म्हणजे खोल आवाजाचे ड्रम, जास्त वाजवतो, गिटारला पाण्याखालून आल्यासारखा इफेक्ट असतो, आवाज खर्जातला. नॉर्दॅम्प्टनच्या बाउहाउसचं १९७९ चं पहिलंच गाणं नऊ मिनिटांच्या वर होतं आणि ते ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीवर होतं, तिथून पुढे लोकांना या खोलीचं दार दिसायला लागलं.

२. मग हे दोन्ही प्रकारचे बँड सारखे एकत्रच टूरवर का असतात?

ऐकणारे तेच, हॉल तेच, आयोजक तेच. लीड्समध्ये जॉन कीनन नावाचा आयोजक एफ क्लब चालवायचा आणि ८ आणि ९ सप्टेंबर १९७९ ला त्यानेच क्वीन्स हॉलमध्ये फ्युचुरामा नावाचा फेस्टिव्हल भरवला, त्यात पब्लिक इमेज लिमिटेड आणि जॉय डिव्हिजन दोघंही होते. अशा जागांमध्ये जी पोरं खाली उभी राहून ऐकत होती त्यातलीच काही नंतर वर स्टेजवर गेली. खर्चाचाही भाग आहे, एकत्र फिरलं की जाहिरात एकच लागते, लाइटवाला एकच लागतो, आणि मधल्या आकाराचे दोन बँड मिळून असा हॉल भरतात जो एकेकट्याने भरला नसता.

पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. हे संगीत घडलंच टूरच्या गाडीत. कोण कोणाबरोबर फिरला त्यावरून कोणाचा सूर कसा बदलला ते कळतं, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण प्रश्न ५ मध्ये आहे.

३. हेडलायनर, को-हेडलायनर, स्पेशल गेस्ट, सपोर्ट... यात मोठा कोण?

हेडलायनर शेवटी वाजवतो आणि तिकीट त्याच्या नावावर विकलं जातं. को-हेडलायनर म्हणजे दोघं बरोबरीचे, दोघांनाही जवळपास पूर्ण वेळ, २०२४ मध्ये सायकेडेलिक फर्स आणि जीझस अँड मेरी चेन अमेरिकेत असेच फिरले. सपोर्ट म्हणजे हेडलायनरच्या आधी वाजवणारा, स्पेशल गेस्ट हा सपोर्टच, फक्त जरा नाव असलेला. ओपनर सगळ्यात आधी, अर्धा तास वगैरे.

पुण्याच्या माणसाला मी सवाईचं उदाहरण देते. संध्याकाळी पहिला कलाकार बसतो तेव्हा निम्मा मंडप बाहेर वडापावच्या रांगेत असतो, आणि ज्यांनी त्या वेळी बसून ऐकलंय तेच पुढे पंधरा वर्षांनी सांगत असतात की आम्ही ह्यांना तेव्हाच ऐकलं होतं.

४. तिकिटावर "डोअर्स ७" लिहिलंय. मेन बँड किती वाजता येतो? आठला पोचलं तर चालेल का?

चालेल, पण ओपनर बहुतेक हुकेल. सातला दारं उघडली की साडेसात-आठच्या सुमारास पहिला बँड, आणि मेन बँड नऊच्या आसपास. ब्रिटनमध्ये बहुतेक हॉलना रात्री अकराला आवाज बंद करावा लागतो, त्यामुळे सगळं त्या अकरापासून उलटं मोजून ठरतं. दुपारचा साउंडचेकही उलट्या क्रमाने होतो, आधी मेन बँड, शेवटी ओपनर, कारण ओपनरचं सामान तसंच स्टेजवर ठेवता येतं.

लवकर गेलात तर हे सगळं बघायला मिळतं. मागे काळ्या कापडाखाली मेन बँडचा ड्रमसेट झाकलेला असतो, आणि त्याच्या पुढे उरलेल्या दीड-दोन मीटरमध्ये ओपनरने आपला संसार मांडलेला असतो, बेसवाल्याने हात जोरात फिरवला तर गायकाला लागेल इतकी दाटी. जमिनीवर पांढऱ्या टेपच्या खुणा असतात, कुठला स्टँड कुठे त्याच्या. एकदा मी अगदी पुढे उभी होते आणि बघितलं की ओपनरच्या गिटारवालीने संपल्यावर स्वतःच पेडल उचलली, वायर कोपर आणि अंगठ्यामध्ये साडीच्या घड्यांसारखी गुंडाळली, आणि गाण्यांची यादी लिहिलेला कागद टेपसकट सोलून समोरच्या एका मुलाच्या हातात दिला, तो मुलगा नुसता बघतच राहिला. वीस मिनिटांत सगळं रिकामं. साडेआठला आलेल्यांना यातलं काहीच दिसलं नाही.

५. रॉबर्ट स्मिथ एकाच रात्री दोन बँडमध्ये वाजवायचा, हे खरंय का?

खरंय. सप्टेंबर १९७९, सूझी अँड द बॅन्शीजची दुसऱ्या अल्बमची टूर आणि सपोर्टला स्मिथचा बँड द क्युअर, ज्यांचा पहिला अल्बम त्याच मे महिन्यात आला होता. ७ सप्टेंबरला अ‍ॅबर्डीनला शो होता. दुपारी एका रेकॉर्डच्या दुकानात सह्या द्यायला बँड गेला, तिथे भांडण झालं, आणि गिटारवाला जॉन मॅके आणि ड्रमर केनी मॉरिस दोघंही उठून निघून गेले, संध्याकाळी शो आहे, हॉलमध्ये लोक आलेत, आणि निम्मा बँड गावात नाही.

द क्युअरने ठरल्यापेक्षा जास्त वेळ वाजवून बाजू सांभाळली, मग बॅन्शीजची गायिका सूझी आणि बेसवाला सेव्हरिन वर आले आणि क्युअरच्याच साथीने त्यांनी शेवटचं गाणं केलं. पुढच्या काही दिवसांत द स्लिट्समध्ये वाजवलेला बजी ड्रमवर आला, गिटार स्मिथने घेतली, आणि महिना संपायच्या आत टूर परत रस्त्यावर. म्हणजे स्मिथ रोज आधी स्वतःच्या बँडमध्ये गाऊन-वाजवून घ्यायचा आणि थोड्या वेळाने परत येऊन बॅन्शीजचा पूर्ण सेट वाजवायचा.

आता पहिला क्युअर अल्बम ऐका, उघडा, चुणचुणीत, पॉपच्या जवळचा. मग एप्रिल १९८० चा दुसरा ऐका. धुकं उतरलेलं आहे. मधल्या काळात काय घडलं, तर हा माणूस रोज रात्री सूझीच्या शेजारी उभा राहून तो काळोखा आवाज स्वतःच्या हाताने वाजवत होता. फक्त एवढ्यामुळेच बदल झाला असं मी म्हणणार नाही, पण दुसऱ्याच्या घरात राहून आलेल्या माणसाची भाषा बदलते तशी ती बदललेली ऐकू येते. १९८२ मध्ये बॅन्शीजला परत गिटारवाला हवा होता तेव्हाही स्मिथच गेला आणि १९८४ पर्यंत दोन्हीकडे राहिला. बजी तर १९९६ मध्ये बॅन्शीज संपेपर्यंत तिथेच.

६. सपोर्ट बँडला यातून मिळतं काय? पैसे देतात का?

थोडे. छोट्या बँडला एका रात्रीचे जे मिळतात त्यात डिझेल आणि जेवण निघालं तरी बरं. उलट काही ठिकाणी सपोर्ट बँडच पैसे भरून टूरवर जातो, त्याला बाय-ऑन म्हणतात, आणि मला तो प्रकार अजिबात पटत नाही कारण मग चांगला कोण वाजवतो हे बाजूलाच राहतं, कोणाकडे पैसे आहेत यावर जागा ठरते.

खरी कमाई दारापाशी टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकून होते. काही हॉल त्यातूनही टक्केवारी कापून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून आवडला बँड तर टेबलावर जाऊन काहीतरी घ्या, अगदी पिन घेतलीत तरी.

आणि मिळतो तो प्रेक्षक. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७९ मध्ये बझकॉक्सने आपल्याच मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनला देशभरच्या टूरवर सपोर्टला नेलं, आणि त्यासाठी जॉय डिव्हिजनच्या पोरांनी नोकऱ्या सोडल्या. गंमत बघा, जून १९७६ मध्ये मँचेस्टरला सेक्स पिस्टल्सचा शो बझकॉक्सवाल्यांनीच भरवला होता आणि तो बघूनच जॉय डिव्हिजनच्या सम्नर आणि हूकने बँड काढायचं ठरवलं होतं. म्हणजे ज्यांनी दार उघडून दिलं त्यांनीच तीन वर्षांनी हात धरून आत नेलं.

७. सपोर्ट बँडच नाही अशी टूर असते का?

असते. १९८१ मध्ये द क्युअरने सपोर्ट बँडऐवजी एक अ‍ॅनिमेशन फिल्म दाखवली होती, बेसवाला सायमन गॅलपच्या भावाने, रिकने, बनवलेली, आणि तिचं जवळजवळ अर्ध्या तासाचं वाद्यसंगीत बँडने स्वतः केलेलं. लोक अंधारात उभे, समोर संथ हलणाऱ्या आकृत्या, आणि मग तोच बँड बाहेर येतो. मला ही कल्पना फार आवडते पण रोज नको, कारण त्या अर्ध्या तासात एखाद्या नव्या बँडची जागा गेली.

८. सिस्टर्स ऑफ मर्सी पब्लिक एनिमीबरोबर टूरवर गेले होते? रॅप आणि गॉथ?

हो, १९९१ मध्ये अमेरिकेत, आणि बरोबर गँग ऑफ फोरसुद्धा, म्हणजे लीड्सचेच पोस्ट-पंकवाले. काही शहरांनी गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांची गर्दी एकत्र आली तर दंगा होईल या भीतीने शो होऊच दिले नाहीत, आणि टूर अर्ध्यावर गुंडाळावी लागली. मला याचं आजही वाईट वाटतं. सिस्टर्सकडे ड्रमर नाही, डॉक्टर अ‍ॅव्हलांश नावाचं ड्रम मशीन आहे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तेच नाव, मशीन बदलत गेली. हिपहॉपसुद्धा ड्रम मशीनवरच उभं आहे. त्यामुळे ही जोडी वरवर विचित्र वाटली तरी कानाला अजिबात विचित्र नाही.

आणि हो, सिस्टर्सचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच स्वतःला गॉथ म्हणवून घेत नाही. सूझीलाही ते लेबल आवडत नाही, रॉबर्ट स्मिथलाही नाही. कोणाला गॉथ म्हणायचं याची भांडणं मी सोडवत नाही, ऐका आणि ठरवा.

९. टूरवरून बँड फुटले, नवे झाले, हे कसं? ते सिस्टरहुडचं प्रकरण नीट सांग ना.

सांगते, पण सावकाश वाचा. जून १९८५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला शो झाला आणि सिस्टर्सची ती फळी तिथे संपली. पुढे वेन हसी आणि क्रेग अ‍ॅडम्स बाहेर पडले, त्यांनी नवा बँड केला आणि नाव घेतलं द सिस्टरहुड. त्याच नावाने १९८६ च्या सुरुवातीला ते द कल्टबरोबर युरोपात सपोर्टला फिरले. एल्ड्रिचला हे नाव खटकलं, त्याने सिस्टरहुड याच नावाने स्वतःच रेकॉर्ड काढली आणि नाव अडवून टाकलं. मग हसी आणि मंडळींनी नाव बदललं, तेच द मिशन, आणि ते पुढच्याच वर्षी यूटूच्या सपोर्टला होते.

आता कल्ट कुठून आला? त्याचा गायक इयन अ‍ॅस्टबरी आधी ब्रॅडफर्डच्या सदर्न डेथ कल्टमध्ये होता, आणि तो बँड १९८२-८३ मध्ये बाउहाउसच्या सपोर्टला फिरत होता. म्हणजे बाउहाउसचा ओपनर मोठा झाला आणि त्याने मिशनवाल्यांना ओपनर म्हणून नेलं. आपल्याकडे गुरू-शिष्य परंपरेचा तक्ता काढतात तसा इथे सपोर्ट टूरचा तक्ता काढता येतो.

१०. एकाच नावाचे दोन बँड टूरवर दिसतायत, खरा कोणता?

जीन लव्हज जेझेबेलबद्दल असेल तर दोन्ही. मायकल आणि जे अ‍ॅस्टन हे जुळे भाऊ, वेगळे झाले, नावावरून कोर्टकचेरी झाली, आणि आता ब्रिटनमध्ये जेचा बँड आणि अमेरिकेत मायकलचा बँड ते नाव वापरतो. तिकीट काढण्याआधी भाऊ कोणता ते बघा. १९८७ मध्ये न्यू ऑर्डर (जॉय डिव्हिजनमधल्या उरलेल्यांचा बँड) आणि एको अँड द बनीमेन अमेरिकेत एकत्र फिरले तेव्हा ओपनर हाच बँड होता, अर्थात तेव्हा एकसंध.

जॉय डिव्हिजनची गाणी ऐकायची असतील तर पीटर हूक अँड द लाइट वेगळा आणि न्यू ऑर्डर वेगळा. हूक २००७ मध्ये न्यू ऑर्डरमधून बाहेर पडला, तो जुने अल्बम अख्खे वाजवतो. न्यू ऑर्डर शेवटी दोन-चार जॉय डिव्हिजन घेतात. मी दोन्ही ऐकलेत, बेससाठी हूककडे जा.

११. तिकीट कधी, कुठून घ्यावं? रीसेलवर स्वस्त दिसतंय.

अधिकृत जागेवरून, विक्री सुरू व्हायच्या दिवशी. रीसेलवरून एकदा मी घेतलं आणि दारावर कळलं की तोच कोड आधीच कोणीतरी स्कॅन केलाय, पावसात उभी राहून बाहेरूनच अर्धा शो ऐकला, भिंतीतून फक्त बेस येत होता. पैसे परत मिळायला तीन महिने गेले.

बँडने मनात आणलं तर बदल होतो हेही सांगते. २०२३ च्या अमेरिका टूरला द क्युअरने काही तिकिटं २० डॉलरपर्यंत खाली ठेवली आणि तिकीट दुसऱ्याला विकता येऊ नये अशी अट जमेल तिथे घातली. मग लोकांनी दाखवलं की तिकिटाइतकीच फी वर लागतेय. स्मिथने जाहीरपणे जाब विचारला आणि तिकीटमास्टरने पात्र लोकांना तिकिटामागे ५ किंवा १० डॉलर परत दिले. रक्कम छोटी आहे, पण कोणीतरी विचारलं. त्या टूरला सपोर्टला स्कॉटलंडचे द ट्वायलाइट सॅड होते, २०१६ पासून क्युअरबरोबर फिरतायत, त्यांना चुकवू नका.

१२. फेस्टिव्हलला एकदम वीस बँड दिसतात, मग टूर कशाला बघायची?

फेस्टिव्हलमध्ये बँड दिसतो, टूरवर तो ऐकू येतो. उजेडात, उन्हात, चाळीस मिनिटांत गॉथ बँड बघणं म्हणजे दुपारी दिवाळीची रोषणाई बघणं. तरी कधीकधी नशीब असतं. मे २०२३ मध्ये पॅसाडिनाच्या क्रुएल वर्ल्ड फेस्टिव्हलला विजांमुळे मैदान रिकामं करावं लागलं, आणि सूझी आणि इगी पॉप दुसऱ्या दिवशी परत येऊन वाजले.

मधला प्रकार म्हणजे बँडनेच काढलेला फिरता फेस्टिव्हल, २००४ चा क्युरिओसा तसा, द क्युअर शेवटी आणि आधी इंटरपोल, मोग्वाय, द रॅप्चर, म्हणजे क्युअर ऐकून वाढलेली पिढी त्यांच्याच बरोबर गाडीत.

१३. भारतात असं काही येतं का?

जुन्यांपैकी एकत्र टूर अशी नाही. पण एक धागा आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत पहिला लोलापालूझा निघाला तेव्हा तो एका जागचा फेस्टिव्हल नव्हता, फिरती टूर होती, आणि त्यात सूझी अँड द बॅन्शीज होते. त्याच नावाचा फेस्टिव्हल जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आला आणि त्यात द स्ट्रोक्स वाजले, पोस्ट-पंकचीच नातवंडं. माझा भाऊ गेला होता, त्याने पाठवलेल्या व्हिडिओत गाण्यापेक्षा लोकल पकडायची चर्चा जास्त ऐकू येते.

१४. पुण्याहून लायपझिगच्या गॉथ फेस्टिव्हलला जायचंय, काय तयारी?

वेव्ह-गोटिक-ट्रेफन, १९९२ पासून, दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सुट्टीत, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, त्यामुळे तारीख मे-जूनमध्ये सरकत राहते. आधी त्या वर्षीची तारीख बघा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवस ही शेवटची मर्यादा, पण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून फेब्रुवारीत कामाला लागा. राहायची जागा व्हिसाच्याही आधी बघा, साधारण वीस हजार लोक येतात. कार्यक्रम शहरभर विखुरलेले असतात, रोज दोनच बँड नक्की ठरवा आणि बाकीचं ट्रामवर सोडा. शुक्रवारी बागेत व्हिक्टोरियन पोशाखातली पिकनिक भरते, ती तिकिटाशिवायही बघता येते.

१५. काळेच कपडे घालावे लागतात का?

नाही. जीन्समध्ये या, कुर्त्यात या, कोणी काही म्हणत नाही. बूट आरामाचे घाला आणि कानात इअरप्लग घाला, हे मात्र खरंच ऐका. फील्ड्स ऑफ द नेफिलिम स्टेजवर यायच्या आधी टोप्यांवर आणि कोटांवर पीठ भुरभुरवायचे, वाळवंटातून आल्यासारखं दिसावं म्हणून.

१६. मेन बँड किंवा गायक ऐनवेळी आलाच नाही तर? पैसे परत मिळतात का?

मेन बँडने शो रद्द केला तर परत मिळतात, २०२२ मध्ये गायक पीटर मर्फी उपचारांसाठी दाखल झाला तेव्हा बाउहाउसची अख्खी अमेरिका टूर अशीच रद्द झाली. फक्त सपोर्ट बदलला तर मिळत नाहीत.

अडचण मधल्या परिस्थितीत येते, म्हणजे शो होतो पण अर्धवट. ८ एप्रिल १९८० ला बरी गावात डर्बी हॉलला जॉय डिव्हिजनचा शो होता. त्यांचा गायक इयन कर्टिस आदल्याच दिवसांत मरता मरता वाचला होता, पूर्ण सेट गायच्या अवस्थेत नव्हता. मग त्याच्याऐवजी ओळखीच्या बँडमधले गायक उभे राहिले, क्रिस्पी अ‍ॅम्ब्युलन्सचा अ‍ॅलन हेम्प्सॉल आणि अ सर्टन रेशोचा सायमन टॉपिंग, कर्टिस फक्त संथ अशा एक-दोन गाण्यांपुरता आला. हे कळल्यावर गर्दीने बाटल्या फेकल्या, मॅनेजर रॉब ग्रेटन स्टेजवरून गर्दीत घुसला. मित्र गायला आले होते, कोणी फसवायला नाही. अशा वेळी मी परतावा मागणार नाही.

महिना-सव्वा महिन्यात, १८ मे ला, अमेरिका टूरला निघायच्या आदल्या दिवशी, कर्टिस गेला. उरलेले तिघं त्याच सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्डर म्हणून अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कमध्ये त्यांची वाद्यांनी भरलेली गाडी चोरीला गेली, आणि त्यांनी दुसरी वाद्यं मिळवून शो केले.